मनीची दिंडी

“झोपलीस का गं?”

दुपारी अडीच वाजता पुण्यात हा प्रश्न फक्त काकूच विचारू शकतात. आमच्या इमारतीच्या जागी पूर्वी वाडा होता, काकूंचा वाडा अजून उभा आहे आणि मध्ये छातीएवढी विटांची भिंत आहे. भिंतीवर पलीकडून त्यांचे वाळवणाचे कपडे, अलीकडून माझ्या कुंड्या. बुधवार पेठेत दगडूशेठच्या रांगेचा गलका आणि तापकीर गल्लीतल्या टेम्पोंचे हॉर्न चुकवून दोन शब्द बोलायला एवढीच जागा उरली आहे.

“नाही झोपले. काय झालं?”

“बोका आत आला.”

“काकू, बोका तर रोजच आत यायचा.”

“यायचा! भूतकाळ! झडप बसवल्यापासून गेले चार महिने नव्हता येत. तेच तर सांगतेय.”

हे कळायला थोडं मागे जावं लागेल, कारण काकू स्वतः कधीच मागे जात नाहीत. त्या गोष्ट मधूनच सुरू करतात आणि ऐकणाऱ्याने धावत येऊन गाडी पकडायची असते.

काकूंची लेक इंग्लंडात रेडिंगला असते. दोन वर्षांपूर्वी तिने ठरवलं की मनीला तिकडे न्यायचं. मांजर इंग्लंडला न्यायचं म्हणजे मुलीचं लग्न ठरवण्याहून अवघड. आधी मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली चिप बसवायची. मग रेबीजची लस. चिपच्या आधी टोचलेली लस तिकडे धरतच नाहीत. लशीनंतर कमीत कमी तीस दिवसांनी रक्त तपासायचं आणि ते चांगलं निघालं तरी आणखी तीन महिने थांबायचं. काकूंनी हे सगळं केलं. चिप बसली, लस झाली, रक्त गेलं, निकाल आला. आणि तिकिटाची वेळ आली तेव्हा काकूंच्या सासूबाई, वय वर्षे नव्वद, ओट्यावर बसून म्हणाल्या, “मांजर घराचं असतं. माणसाचं नसतं.” संपलं. मनी राहिली. मानेतली चिपही राहिली.

चिप म्हणजे तांदळाचा लांब दाणा असतो ना, तेवढी. आत पंधरा आकड्यांचा नंबर. तिला सेल नाही, काही नाही. वाचायचं यंत्र जवळ आणलं की त्याच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते, आपला नंबर सांगते आणि परत झोपते. “आमच्या ह्यांच्यासारखी,” असं काकूंचं म्हणणं. “कोणी जवळ जाऊन विचारलं तरच बोलणार, आणि तेही आकड्यांत.”

तर मानेत चिप आहेच म्हटल्यावर लेक मागच्या वारीच्या सुमारास येताना बॅगेत ती झडप घेऊन आली. तिकडे घरोघरी असते म्हणे. झडपेला डोकं लावलं की वरचं यंत्र मानेतला नंबर वाचतं, ओळखीचा असला की खट्ट करून कडी काढतं, अनोळखी असला की ढिम्म. केंब्रिजच्या निक हिल नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढली. त्याच्या फ्लिपर नावाच्या मांजराच्या वाटेने शेजारची मांजरं घरात घुसायची, म्हणून. मला हे ऐकून फार बरं वाटलं. एवढा शिकलेला माणूस, आणि दुखणं आमच्या काकूंचंच.

मांजरासाठी दाराला भोक पाडणं मात्र तिकडे फार जुनं. इंग्लंडातच एक्सेटर म्हणून गाव आहे, तिथल्या कॅथीड्रलमध्ये घड्याळाखालच्या दाराला गोल भोक आहे. 1598 साली सुतारांना ते पाडायचे आठ पेन्स दिल्याची नोंद आहे. न्यूटनचीही एक गोष्ट सांगतात, मोठ्या मांजराला मोठं भोक आणि पिल्लाला छोटं, अशी दोन भोकं पाडल्याची. ती खरी नसावी. पण सासूबाईंना ती सांगितली तर त्या म्हणाल्या, “मग? वाड्याच्या दरवाज्याला दिंडी कशाला असते? हत्तीला मोठा दरवाजा, माणसाला दिंडी, आणि मांजराला मोरी. सगळ्यांची सोय होती.”

त्या दिवसापासून झडपेचं नाव मनीची दिंडी. वारीचे दिवस होते, दोन्ही पालख्या नाना आणि भवानी पेठेत उतरलेल्या, त्यामुळे नाव लगेच बसलं.

झडप बसणं मात्र सोपं गेलं नाही. मागचं दार सागवानी, तळहाताएवढं जाड, त्यावर लोखंडी पट्ट्या आणि बोटाएवढे खिळे. सुताराने करवत टेकवली, दाराकडे पाहिलं आणि करवत परत पिशवीत ठेवली. “ह्याला भोक पाडायचं पाप मी घेणार नाही,” म्हणाला. तेही एका अर्थी बरंच झालं, कारण जवळपास लोखंड असलं की त्या यंत्राला नंबर नीट वाचता येत नाही. शेवटी स्वैपाकघराच्या खिडकीचं खालचं तावदान काढून तिथे प्लायवूड ठोकलं आणि त्यात झडप. बाहेर आपली ही भिंत, म्हणजे मनीचा हमरस्ताच.

चार पेन्सिल सेल लागतात. तापकीर गल्लीत काका गेले, तर दुकानदाराने विचारलं कशासाठी. काकांनी खरं सांगितलं. त्याने चारही सेल तपासून दिले आणि म्हणाला, “साहेब, मांजराचं बिल तुमच्या नावाने करू ना?”

काकांनी तेवढ्यावर थांबावं की नाही? नाही. तिथून अप्पा बळवंत चौकात गेले आणि एका दुकानात विचारलं, मांजराला शिकवायचं पुस्तक आहे का. दुकानदाराने वर न बघता विचारलं, “कितवीला आहे?”

पुस्तक मिळालं नाही. लेकीने जाताना वहीच्या कागदावर धडे लिहून दिले, तो कागद काकूंनी फ्रिजवर चिकटवला. पहिला धडा: यंत्र बंद. झडप दोरीने वर बांधून आठ दिवस नुसतं उघडं भोक ठेवायचं, म्हणजे मांजराला ती वाट वाटते, सापळा वाटत नाही. दुसरा: दोरी रोज थोडी सैल, झडप थोडी खाली, आणि पलीकडे खाऊ. तिसरा: आपल्या हाताने कधीही ढकलायचं नाही.

तिसरा धडा काकांनी पहिल्याच दिवशी मोडला. “अगं, मागून जरासा हात लावला,” म्हणतात. मनी आठ दिवस खिडकीकडे फिरकली नाही. मोरीतून जायची, मोरीतून यायची, आणि काका दिसले की पाठ करून बसायची. लेक फोनवर ओरडली ती मला अलीकडे ऐकू आली.

खाऊचाही घोळ. लेकीने दिलेली खाऊची पाकिटं संपली. सुकट ह्या घरात येणं शक्य नाही. मग साय. तर डॉक्टर म्हणाले, मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचत नाही, पोट बिघडतं. सासूबाईंनी हे शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे शिंकं बांधलं ते मांजराच्या तब्येतीसाठी होय!”

मला हे शिंक्याचं फार पटलं. आपल्याकडची सगळी अक्कल मांजराला अडवण्यात गेली. दूध शिंक्यावर, लोणी फडताळात, दह्यावर झाकण, झाकणावर वरवंटा. आणि इतकं करून म्हण काय, तर शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं साधलं. ह्याला आत घ्यायचं आणि त्याला नाही, हे ठरवणारं शिंकं मात्र कोणी केलं नाही.

खरी अडचण आली ती आवाजाची. झडप हलली की खट्ट होतं. मनी डोकं लावायची, खट्ट व्हायचं, की मनी थेट माळ्यावर. लेक म्हणाली, आवाजाची सवय होईपर्यंत झडप उघडी बांधून जेवायला तिथेच घाला. तसं केलं. चार दिवस ताटली तशीच.

तोडगा सासूबाईंनी काढला. कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी अडकित्ता घेतला, खिडकीशी पाट टाकला आणि सुपारी कातरायला बसल्या. कट्ट. मनीचा जन्म त्यांच्या पाटाखालचा, डोळे उघडायच्या आधीपासून तिने हा आवाज ऐकलेला. कट्ट झालं की दुपार झाली, दुपार झाली की आजीच्या पदराखाली झोपायचं. त्या झडप हलवायच्या, खट्ट. लगेच अडकित्ता, कट्ट. आणि बोटावर साय. खट्ट, कट्ट, साय. तीन दुपारी. चौथ्या दुपारी मनी खट्ट झाल्यावर पळाली नाही. थांबली, आजींकडे पाहिलं, आणि डोक्याने झडप सारून ऐटीत आत आली.

“मी टाळ्या वाजवल्या,” काकू म्हणाल्या, “तर सासूबाई म्हणतात, गप्प बस, पुन्हा पळेल.”

मग यंत्र चालू केलं. वरचं एक बटण दाबायचं, दिवा लुकलुकतो, आणि त्यानंतर पहिलं जे चिपवालं मांजर डोकं घालेल त्याचा नंबर यंत्र कायमचा लक्षात ठेवतं. बत्तीस मांजरांचे नंबर मावतात त्यात. काका म्हणाले, एवढ्या मेंबरांची सोसायटी होते. मनी गेली, आली, नंबर बसला. मोरीच्या तोंडाला जाळी ठोकली. आणि त्या रात्री बोका आला.

हा बोका तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. पिवळा, एक कान फाटका, डोकं नारळाएवढं. जोगेश्वरीपासून पासोड्या विठोबापर्यंत सगळी कौलं त्याच्या मालकीची. तो रात्री झडपेला डोकं लावून बसला. ढिम्म. पंजा मारला. ढिम्म. मग भिंतीवर बसून असा काही रडला की गणपतीतल्या ढोलाला न उठणारी मी उठले.

चार महिने शांततेत गेले. आणि आज हे, बोका आत आला.

“मनीच्या मागोमाग घुसला असेल,” मी म्हटलं.

“एकटा. तीन रात्री झाल्या. डोकं लावतो, खट्ट, आत. सासूबाईंच्या गोधडीवर झोपतो मेला.”

“यंत्र बिघडलं?”

“लेकीला विचारलं. म्हणाली, दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी ते वरचं बटण दाबलं असेल.” इथे काकूंनी काकांच्या दिशेने पाहिलं. काका पेपरात होते. “आणि त्यानंतर पहिलं डोकं बोक्याचं. पण पुढचं ऐक. लेक म्हणाली, आई, चिप नसलेल्या मांजराला यंत्र ओळखूच शकत नाही. नंबर असल्याशिवाय लक्षात काय ठेवणार?”

मी कुंडीतली माती उकरायची थांबले.

“म्हणजे...”

“म्हणजे बोक्याच्या मानेत चिप आहे! ज्याला आपण सात वर्षं भटका समजून पाणी मारतोय, त्याला कोणीतरी आहे!”

इंग्लंडात असतं तर नवल नव्हतं. तिकडे 10 जून 2024 पासून वीस आठवड्यांवरच्या प्रत्येक पाळीव मांजराला चिप सक्तीची आहे, नसली तर पाचशे पौंडांपर्यंत दंड. पण बुधवार पेठेत, मोफत दूध ओरपणाऱ्या बोक्याला?

“आज सकाळी डॉक्टर घरी आले होते, मनीच्या लशीला,” काकूंनी आवाज खाली आणला. म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंतच ऐकू जाईल इतका. “बोका गोधडीवर पसरलेला. डॉक्टरांनी ते यंत्र त्याच्या मानेवरून फिरवलं. टुंक. पंधरा आकडे. डॉक्टर बघतच राहिले, मग हसायला लागले. म्हणाले, हा तर माझ्याच वहीतला. कोणाचा ते विचारलं, तर सांगेनात. तुमच्याच गल्लीतले आहेत, एवढंच म्हणाले.”

आता तुम्हीच सांगा, एवढं कळल्यावर दुपारची झोप येते का कोणाला?

आम्ही गल्ली दोन्ही टोकांनी तपासायला घेतली. कोपऱ्यावरच्या वहिनी? त्यांना शिंका येतात. वरचे भाडेकरू? ते गेल्या वर्षीचे. मग काकू एकदम म्हणाल्या, “अण्णा एकटे राहतात ना? मग दूधवाला त्यांच्याकडे एक लिटर का टाकतो?”

“अण्णा? शक्यच नाही.” अण्णांच्या दारावर पाटी आहे: ‘येथे मांजरे सोडू नयेत. सोडल्यास पत्ता शोधून परत केली जातील.’ गल्लीत मांजरांविरुद्ध पहिला अर्ज त्यांचा.

“आणि महापालिकेने 2022 मध्ये मांजरांची नोंदणी सक्तीची केली तेव्हा आपण सगळे हसलो. हसले नाहीत ते कोण?”

“अण्णा.”

“आणि मागच्या रविवारी गणेश पेठेच्या मासळी बाजाराच्या तोंडाशी कोण दिसलं ह्यांना? एकादशी न चुकवणारा माणूस!”

पेपराआडून काका म्हणाले, “मी फक्त दिसले म्हटलं. आत जाताना नाही म्हटलं.”

“येताना दिसले ना? मग आत गेल्याशिवाय येतील कसे?”

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी चपला वाजल्या. अण्णाच. हातात कापडी पिशवी, अंगापासून जरा लांब धरलेली. आणि चार पावलं मागे, शेपूट काठीसारखी ताठ करून, बोका.

आम्ही दोघी कपडे आणि कुंड्या ह्यांत फार गुंतलो.

“काय अण्णा, मंडईतून?” काकूंनी विचारलं.

“भाजी,” अण्णा म्हणाले. बोका पिशवीला डोकं घासत होता.

आतून सासूबाईंच्या अडकित्त्याचा आवाज आला. कट्ट. बोक्याचा धड असलेला कान उभा राहिला. त्याने पिशवी सोडली, भिंतीवर उडी मारली, माझ्या झेंडूच्या कुंडीवरून चालत खिडकीशी गेला आणि डोकं लावलं. खट्ट. आत.

झडप हलत राहिली. अण्णा पिशवी धरून तसेच उभे. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग आमच्याकडे न बघता, भिंतीला सांगावं तसं ते म्हणाले,

“दूध देऊ नका त्याला. जुलाब होतात.”