मध चौथ्यात, मेपल सतराव्यात

"काय गं, काल रात्री उशिरापर्यंत तुझ्याकडे अंधार होता. जेएनपीटी बंदरात एवढं काय अडलं होतं?"

"मध अडला होता, काकू. एका पार्टीचा कंटेनर कस्टममधून सोडवायचा होता. नाव विचारू नका, सांगणार नाही."

"नाव राहू दे, गोष्ट तर सांग. आमच्या पोरानं टोरोंटोहून मेपल सिरपची बाटली आणली, तिला कुणी हातसुद्धा लावला नाही."

"ती बॅगेतून आली. घरी खायला आणलेली बाटली वेगळी आणि विकायला आणलेला कंटेनर वेगळा. या शहाण्यांनी एकाच कंटेनरात मध, मेपल सिरप आणि पॅनकेकवर ओतायचं स्वस्तातलं सिरप भरलं. इन्व्हॉइसवर काय लिहिलं असेल? सगळ्याला मिळून 'सिरप'!"

"मग बिघडलं काय? तिन्ही गोड, तिन्ही चिकट."

"कस्टमला तसं चालत नाही. मध टॅरिफच्या चौथ्या चॅप्टरात, 0409, दूध-अंड्यांच्या शेजारी. मेपल सिरप सतराव्यात, साखरेच्या पंगतीला, 1702 20. आणि ते स्वस्तातलं म्हणजे मक्याचा पाक. वरून रंग आणि मेपलचा वास. ते गेलं 2106 ला. दुसरीकडे कुठे बसत नाहीत असे खाण्याचे पदार्थ तिथे."

"मेपलसुद्धा झाडाचंच ना? मग मधाजवळ का नाही बसवलं?"

"मध माशी तयार करून देते, आपण काढायचा आणि गाळायचा. मेपलचा रस झाडातून निघतो तेव्हा जवळजवळ पाणीच असतो. तिकडे मार्च-एप्रिलात रात्री गोठतं, दिवसा वितळतं, तेव्हा तो वाहतो. साधारण चाळीस लिटर रस आटवला की लिटरभर सिरप हाती लागतं. आपलं गुऱ्हाळच म्हणा ना. साखरेत घातलं ते मला तरी पटतं."

"आणि पैशाचं कसं?"

"मधाला मूळ शुल्क 60 टक्के. त्यावर समाज कल्याण अधिभार धरला की 66. मेपलला याहून बरंच कमी."

"अगं बाई! म्हणूनच मधाला सिरप म्हणायचं होय!"

"मी तसं म्हटलं नाही हं. ही पार्टी लबाड नाही, नुसती गबाळी आहे. पण कस्टमच्या अप्रेझरला ते कसं कळावं? त्यानं क्वेरी टाकली, नमुने लॅबला गेले आणि इकडे डिमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, चढायला लागलं."

"लॅबला तरी कळतं का सगळं? मागे ते चिनी पाकाचं प्रकरण झालं होतं बघ."

"2020 सालचं. मे महिन्यात अन्न सुरक्षा प्राधिकरणानं सांगितलं, गोल्डन सिरप, इन्व्हर्ट शुगर सिरप आणि राइस सिरपच्या आयातीवर लक्ष ठेवा. डिसेंबरात दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेनं मधातली भेसळ बाहेर काढली, तेव्हा संस्थेचे लोक म्हणाले, या नावांनी काही येताना दिसतच नाही! पाक येत होता तो फ्रुक्टोज-ग्लुकोजच्या नावानं. आता फ्रुक्टोज मागवणं हा काही गुन्हा नाही, आणि त्याचंही हेडिंग 1702 च. वर आणखी गंमत म्हणजे जुनी चाचणी ऊस आणि मक्याची साखर पकडायची. तांदळाचा पाक तिला हुलकावणी देऊन जायचा."

"थांब हं, कुकर बंद करून येते... हां, बोल. आपल्याकडेच मेली ही लबाडी."

"छे हो! तुमच्या पोराच्या कॅनडातही आहे. जगातलं बहुतेक मेपल सिरप क्यूबेकात होतं आणि तिथल्या उत्पादकांच्या संघाचा राखीव साठा असतो. 2012 मध्ये मोजदादीला माणसं गेली, तर काही पिंपं हाताला हलकी लागली. काहींत तर सिरपऐवजी पाणी! जवळजवळ 3,000 टन माल गायब, 1 कोटी 80 लाख डॉलरच्या आसपासचा."

"सिरपची चोरी? कुणी सोनं चोरील, नाणं चोरील... सापडले का?"

"सापडले, शिक्षाही झाल्या. पण तो माल बाहेरदेशी गेला तरी कोड 1702 20 च. चोरीनं चॅप्टर बदलत नाही."

"तुझं मेलीचं डोकं सगळीकडे कोडच शोधतं. बरं, काल काय झालं शेवटी?"

"तीन ओळी वेगळ्या केल्या, बिल ऑफ एंट्री दुरुस्तीला टाकलं. आता सुटतो म्हणेपर्यंत मधाच्या एका खोक्यावर बारीक अक्षरांत दिसलं: रॉयल जेली घातलेला."

"मग? तीसुद्धा माशीचीच की."

"असेना. मधात वरून साखर म्हणा, दुसरं काही म्हणा, घातलं की 0409 चं दार बंद. रॉयल जेलीवाला मध 2106. नुसती रॉयल जेली असती तर 0410. आणि कृत्रिम मध असता तर परत 1702. त्या मालकाला फोनवर हे सांगितलं तर मलाच विचारतो, मॅडम, तुम्ही ठरवता का हे? मी ठरवत असते तर रात्री घरी नसते का आले!"

"आणि मध पोळ्यासकट आला तर गं?"

"पोळ्यासकट आला तरी मधच, 0409. नुसतं मेण आलं तर 1521."

"म्हणजे मध चाटून पोळं ठेवलं की चौथ्यातून पंधराव्यात!"

"चाटलेलं पोळं कोण आयात करतंय, काकू! चला, माझी बस चुकेल."