बंद आहे हो ती!

पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहिलेल्या माणसाला हे काका भेटले नाहीत, असं होत नाही. पेठ बदलते, काका तेच. जागा दाखवताना ते पाणी किती वाजता येतं ते सांगतात, चपला कुठे काढायच्या ते सांगतात, आणि भिंतीतून डोकावणाऱ्या वायरींकडे तुमची नजर गेली, की तुम्ही तोंड उघडायच्या आत म्हणतात, "बंद आहे हो ती!"

काकांच्या घरातली वायर नुसती वायर नसते. न्हाणीघरातली जोडी जुन्या गिझरची. गिझर गेला, जोडी राहिली. खिडकीवरची चपटी अँटेनाची, "अख्ख्या वाड्यानं रामायण पाहिलंय हिच्यावर." दाराशी लोंबणारी दोन टोकं आजोबांच्या घंटेची. आजोबांचा फोटो माळ्यावर गेलाय, टोकं मात्र दिवाणखान्यात आहेत. शिवाय दर रंगकामात रंगारी वायरींनाही हात मारून जातो, त्यामुळे लाल फेज कुठली आणि काळी न्यूट्रल कुठली हे विचारायची सोय नाही. सगळ्याच पिस्ता.

खरी अडचण 'बंद' या शब्दाची आहे. काकांच्या लेखी बंद म्हणजे 'आम्ही वापरत नाही'. विजेला हे कुणी कळवलेलं नसतं. वापरा न वापरा, जोवर वायरीचं दुसरं टोक बोर्डात अडकलेलं आहे, तोवर २३० व्होल्ट या टोकापर्यंत येऊन तुमची वाट बघत बसतात.

गिझरच्या जोडीला मी टेस्टर लावला. पेटला.

"टेस्टर चायनाचा असेल," काका म्हणाले आणि स्वतःचा घेऊन लाकडी स्टुलावर चढले. पायात रबरी स्लिपर. टेस्टरच्या दिव्याचा करंट माणसातून जमिनीत उतरावा लागतो. इथे उतरायला वाट कुठे होती? दिवा जेमतेम मिणमिणला. "बघा! उरलीसुरली असेल." जणू वीज म्हणजे कालची आमटी. मग बटण खाली-वर करून दाखवलं. टोकं चिकटपट्टीनं गुंडाळली. ती उन्हाळ्यात डिंक सोडून आपोआप उलगडते हे त्यांना ठाऊक आहे, कारण मागच्या उन्हाळ्यातली स्टुलाखालीच पडली होती.

शेवटी, पैसे मी देणार या अटीवर, परवानाधारक वायरमन आला. अबोल माणूस. त्यानं टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासला, मेन स्विच पाडला, मग वायरीवर लावला, आणि पुन्हा होल्डर-बल्ब लावून खात्री केली. काका घड्याळ बघत होते. बोर्ड उघडल्यावर कळलं, की बटण फेजवर नव्हतंच, न्यूट्रलवर होतं. म्हणजे बटण बंद केलं की गिझर गप्प, वायर जिवंत! त्यानं दोन्ही वायरी बोर्डातूनच सोडवल्या, ओढून बाहेर काढल्या, भोकावर झाकण बसवलं. हे काम आपण स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन करण्याचं नाही, हे मला त्याच्या हातांकडे बघून पटलं. अँटेनाच्या चपटीला मात्र त्यानं हात लावला नाही. ती खरोखरच बंद होती. काकांचा चेहरा त्या दिवशी तेवढ्यापुरता खुलला.

काढलेल्या वायरीचं वेटोळं त्यांनी ताबडतोब ताब्यात घेतलं. "तांबं आहे," म्हणाले, आणि फोटोशेजारी ठेवून दिलं.

पुढे मी जागा सोडली. डिपॉझिटचा हिशेब काकांनी स्वहस्ते, वळणदार अक्षरात लिहून दिला. रंग, नळाचा वॉशर, एक खुंटी, आणि सर्वांत खाली : 'जुनी वायर, चालू स्थितीतली, भाडेकरूने काढली. वजा रुपये ३५०.'