खुनी कोण, एरर कुणाची

पहिल्या पाळीची आमची बस पावणेसहाला निगडीच्या टिळक चौकातून सुटते. स्पाइन रोडवर अर्धी बस घोरायला लागते, मोशीला इंद्रायणी ओलांडली की उरलेली अर्धी. जागे दोघंच, ड्रायव्हर आणि मी. (ड्रायव्हरबद्दल निदान तशी आशा आहे.) माझ्या हातात एक तर रहस्यकथा असते, नाहीतर मोबाइलवर अमेरिकेतला बेसबॉल. तिकडची रात्रीची मॅच आपल्याकडे पहाटे चालू होते. पाळीच्या नोकरीचा हा एवढाच फायदा.

रहस्यकथा वडिलोपार्जित. चंद्रकांत सखाराम चव्हाण नावाच्या गृहस्थांनी बाबूराव अर्नाळकर या नावाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यातल्या निम्म्या आमच्याच माळ्यावर आहेत असं आईचं मत होतं. धनंजय, झुंजार, काळा पहाड ही मंडळी पाहुण्यांपेक्षा बरी: रात्री यायची, गुन्हेगार पकडायची आणि जेवायला न थांबता जायची. कॉलेजात सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन आणि फिरोज इराणी आले. होम्स मला भेटला तो भालबा केळकरांच्या मराठीतून. त्यामुळे तो लंडनचा असला तरी सदाशिव पेठेत भाड्याने राहत असावा, असंच अजून वाटतं.

बेसबॉल मात्र चाकणच्या आमच्या कारखान्यात लागला. नवी लाइन बसवायला एक जपानी इंजिनिअर तीन महिने आले होते. रोज दुपारी अडीचला ते अस्वस्थ व्हायचे. मला वाटलं, कँटीनची मिसळ बाधली. मग कळलं, तेव्हा जपानात सहा वाजतात आणि मॅच सुरू होते. टपरीवर चहा घेताना त्यांनी चेकशीटच्या पाठीवर मैदान काढून दाखवलं. "म्हणजे विटीदांडूच," मी म्हणालो. ते कमरेत वाकले. तो होकार होता की शोक, सांगता येत नाही. पण दहापैकी तीनदा हिट लागली की बॅटर थोर, हे ऐकून मी कप खाली ठेवला. दहातले सात रिजेक्ट, आणि वर सत्कार!

गेल्या वर्षी, म्हणजे २८ ऑक्टोबर २०२५ ला, लॉस एंजेलिस आणि टोरांटोची वर्ल्ड सिरीजमधली मॅच आणि आमची बस बरोबरच सुटली. मोबाइल गेटवर जमा करून मी कामाला लागलो. नऊ डावांचा खेळ अठरा डाव चालला, ६ तास ३९ मिनिटं. फ्रेडी फ्रीमनने एकदाचा होमरन मारला तेव्हा आमचं जेवण उरकलं होतं. बायको म्हणाली, "अहो, एवढा वेळ कुणी खेळतं का?" खुद्द चाकणच्या भुईकोटाने १६६० मध्ये शायिस्तेखानाला जवळपास दोन महिने ताटकळत ठेवलं होतं, हे मी सांगणार होतो. पण तिने मिक्सर लावला.

मी क्वालिटीत आहे. गिऱ्हाइकाची तक्रार आली की पाच वेळा 'का' विचारायचं आणि मूळ कारण शोधायचं, म्हणजे पोटापाण्यासाठी मीही डिटेक्टिव्हच. फरक एवढाच, की गोष्टीत खुनी कोण ते शेवटी कळतं आणि आमच्याकडे पहिल्या ओळीतच. कारण: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: ऑपरेटरला समज दिली. असे रिपोर्ट मी कितीतरी लिहिलेत.

रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम केले. त्यातला एक असा, की तपास करणाऱ्यानेच गुन्हा केलेला चालणार नाही. हा नियम मी मोडलाय. एकदा गिऱ्हाइकाकडून माल परत आला. भोकं लहान, पिन जाईना. पहिला 'का', दुसरा 'का', आणि तिसऱ्याला मी भोकं तपासायचा प्लग गेज हातात घेतला. 'गो' बाजू झिजलेली, म्हणून लहान भोकंही बिनबोभाट पास होत होती. कॅलिब्रेशनची तारीख उलटून दोन महिने झाले होते. स्टिकरवर सही माझी. मी दुसऱ्या 'का'वरच थांबलो. ऑपरेटरला समज दिली.

बेसबॉलमध्ये हे जमलं नसतं. तिथे झेल सुटला की स्कोअरर एरर मांडतो, तीही ज्याच्या हातून सुटला त्याच्या नावावर. त्यातून निघालेली धाव पिचरच्या हिशेबात धरत नाहीत. २ जून २०१० ला तर डेट्रॉइटच्या अरमांडो गॅलारागाने सव्वीस बॅटर ओळीने बाद केले, सत्ताविसाव्याला पंच जिम जॉयसने चुकून सेफ दिलं आणि दुर्मीळ विक्रम हुकला. जॉयसने रीप्ले पाहिला आणि चूक आपली आहे हे स्वतः सांगितलं. दुसऱ्या दिवशी गॅलारागाच त्याला संघाची यादी द्यायला मैदानावर आला, आणि पंचाला रडू आवरेना. तो व्हिडिओ मी बसमध्ये बऱ्याचदा पाहिलाय, आवाज बंद ठेवून.

तो ऑपरेटर आता लाइन लीडर आहे, माझ्या मागच्या सीटवर झोपतो. परवा तळेगाव चौकात बस नेहमीसारखी अडकली तेव्हा जागा झाला, माझ्या खांद्यावरून पुस्तकात डोकावला.

"साहेब, सापडला का खुनी?"

"सापडलाय," मी म्हणालो. "कधीचाच."

"मग वाचताय कशाला?"

पुढचा सिग्नल हिरवा झाला होता, पण बस हलायला बराच वेळ होता. मी पुस्तक मिटलं आणि सीटवर मागे वळून बसलो.