शिकागोचा पेच आणि बैलाचा पट्टा

पोळा आठ दिवसांवर आला, की माळ्यावरचा घुंगरांचा पट्टा खाली येतो आणि नेमका जोडाच्या जागी तुटलेला निघतो. चपला शिवणाऱ्या मामांकडे नेला तर दहा मिनिटांचं काम. पण शिकल्यासवरल्या माणसाने इतका सोपा मार्ग धरू नये. त्याने स्क्रू लावावा.

हा स्क्रू दोन भागांचा असतो. एक पोकळ नळी, आतून आटे पाडलेली, बुडाला चपटी टोपी. दुसरा आखूड स्क्रू, त्यालाही तशीच टोपी. चामड्याच्या दोन्ही पदरांना भोक पाडायचं, एका बाजूने नळी घालायची, दुसऱ्या बाजूने स्क्रू पिळायचा. शिवण नको, रिबिट नको, हातोडी नको. अमेरिकेत याला शिकागो स्क्रू म्हणतात. शिकागो म्हटलं की आपल्याला १८९३ सालचं विवेकानंदांचं भाषण आठवतं. तेही जोडणारं, हाही जोडणारा. एवढा संबंध पुरे.

आमचं तिसगाव कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावर असल्याने ट्रकच्या नट-बोल्टांना तोटा नाही. शेजारी मढीला यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, तिथे जनावर मिळेल. हा स्क्रू मिळणार नाही. दुकानात मागितला तर आधी भिंतीतला देतात, मग फळीचा, मग विचारतात, "कशाला पाहिजे?" खरं उत्तर देऊ नये. त्याच काउंटरवर सनमायकाच्या नमुन्यांचं जाडजूड कॅटलॉग असतं. त्याची पानं ज्या चकचकीत टोप्यांनी धरलेली असतात, तोच हा. मागून घ्यावा. दुकानदार चहाला गेला असेल तर मनातल्या मनात मागावा.

आता मापाचं. नळी चामड्याच्या एकूण जाडीपेक्षा केसभर कमी हवी, म्हणजे पदर दाबून बसतात. तीन-तीन मिलिमीटरचे दोन पदर असतील तर साडेपाचची नळी. कॅटलॉगमधली अर्थातच बोटभर लांब निघते. उरलेली लांबी भरायला मी जुन्या चपलेच्या तळव्यातून चकत्या कापल्या आणि एकावर एक अकरा चढवल्या. बैलाच्या गळ्यावर दीपमाळ उभारल्यासारखं दिसलं.

भोक खिळ्याने पाडू नये. खिळा चामडं कापत नाही, फाडतो, आणि ती चीर पहिल्या हिसक्याला काठापर्यंत जाते. गोल पंच वापरावा. पिळताना मागची नळीही सोबत गरगर फिरते. तिची टोपी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन चिमटीत धरावी. आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब टाकावा. ही चैन नव्हे. बैल दिवसभर मान हलवतो आणि त्या हिसक्यांनी स्क्रू हळूहळू उलटा सरकतो. घरात नेलपॉलिश कुठे असतं हे विचारू नये, कारण मग ते कशाला हवंय हे सांगावं लागतं. मी विचारलं नाही आणि टाकलंही नाही.

तात्या बाजेवर बसून बघत होते.

"वादी का नाही ओवली?"

कच्च्या चामड्याची वादी ओली असताना ओवली तर वाळताना आवळते. म्हणजे वादी दिवसागणिक घट्ट आणि स्क्रू दिवसागणिक ढिला. भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पलही मूळची बिनखिळ्याची, वादीनेच शिवायची. पण ते सांगून तात्यांचं बळ वाढवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "स्क्रू पाहिजे तेव्हा उघडता येतो."

"उघडायचाय कशाला?"

पोळ्याला पट्टा मारुतीपर्यंत टिकला. परत येताना हलगी जोरात वाजली, बैलाने मान झटकली, आणि नळी, स्क्रू, अकरा चकत्या अशी सगळी दीपमाळ चिखलात गेली. टोपीवाला स्क्रू सापडला. नळी अजून तिथेच असेल.

दुसऱ्या दिवशी दुकानदार सनमायकाचे सुटे नमुने छातीशी धरून येईल त्याला विचारत होता, "कॅटलॉगचा स्क्रू कुणी नेला?"

मी त्याला वादी सुचवली.