अख्खी पतसंस्था कराडला

डाटाबेस माउसने चालवणाऱ्यांना मी बरीच वर्षं कमी लेखत आलो. त्यांच्या वर्कबेंचात डावीकडे टेबलांची यादी, वर विजेचं चिन्ह असलेलं बटण, खाली चौकटीच चौकटी. माझ्याकडे काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर, बस्स. पाठीमागून जाणारा माणूस क्षणभर थांबून बघतो, हे सुख माउसवाल्यांच्या नशिबात नाही.

या काळ्या पडद्याची खोड एकच. सेमिकोलन दिल्याशिवाय तो कामाला हात लावत नाही. एन्टर मारला की पुढच्या ओळीवर एक बाण काढतो आणि गप्प बसतो. एकदा मी त्या बाणाकडे बघत अख्खा चहा संपवला. क्वेरी मोठी आहे, लागणारच वेळ, अशी माझी समजूत. त्या दिवशी ठरवलं, सेमिकोलन पुन्हा विसरायचा नाही.

तो निश्चयच नडला. एका पतसंस्थेच्या एका खातेदाराचं गाव साताऱ्याऐवजी कराड करायचं होतं. पहिल्या ओळीत अपडेट लिहिलं, गाव कराड कर म्हणून. आणि कुणाचं, ते सांगणारं 'व्हेअर' दुसऱ्या ओळीत लिहिण्याआधीच सेमिकोलन ठोकून मोकळा झालो. पडदा म्हणाला, "क्वेरी ओके." जुळलेल्या ओळी १८,४१२, बदललेल्या १७,९०२. उरलेले ५१० मुळातच कराडचे. त्यांना काही तोशीस पडली नाही.

घाईघाईने 'रोलबॅक' टाइप केलं. त्यावरही "क्वेरी ओके", शून्य ओळी. मायएसक्यूएलला वेगळं सांगितलं नसेल तर तो प्रत्येक बदल तिथल्या तिथे पक्का करून टाकतो, हे मी इतरांना कितीदा शिकवलं होतं! आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून मंडळी आपापल्या गावी परतेपर्यंत अकरा वाजले.

शेजारची ज्युनिअर म्हणाली, "सर, माझ्याकडे असं होतच नाही. ११७५ येतो." खरंच होतं. वर्कबेंच मुळातच 'व्हेअर' नसलेलं अपडेट चालू देत नाही. ११७५ नंबरची एरर दाखवून हात धरतो. काळ्या पडद्यातही ही सोय आहे, पण ती मागून घ्यावी लागते. नाव 'सेफ-अपडेट्स'. बनवणाऱ्यांनी तिला दुसरं नावही ठेवलंय, 'आय-ॲम-अ-डमी'. थट्टा नव्हे, मॅन्युअलमध्ये आहे.

माउस मी अजून धरलेला नाही. फक्त रोज सकाळी, पाठीमागे कुणी थांबलेलं नाही ना ते बघून, हे दुसरं नाव अख्खं टाइप करतो.