थोरल्या सूनबाईंना तासभर माणूस मिळणेबाबत

मु. लेस्टर, इंग्लंड

तीर्थरूप अण्णा व सौ. आई यांच्या चरणी लेस्टरच्या बिऱ्हाडाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

धाकट्या सूनबाईंनी येथे पत्करलेले ‘बिफ्रेंडर’चे काम ही नोकरी नव्हे, भिशी नव्हे आणि धर्मकार्यही नव्हे, घरातील आजारी, अपंग किंवा वृद्ध माणसाची विनावेतन शुश्रूषा करणाऱ्या व त्यापायी चार माणसांतून उठलेल्या व्यक्तीकडे ठरल्या वेळी जाऊन तासभर गप्पा मारणारा स्वयंसेवक, असा त्यांच्या कामापुरता त्या संज्ञेचा अर्थ असून, शुश्रूषा करणाऱ्या त्या व्यक्तीस येथे ‘केअरर’ म्हणतात. गप्पा मारण्यासाठी अर्ज, ओळखीच्यांची शिफारस, पोलिसी नोंदींची पडताळणी आणि प्रशिक्षण एवढे सोपस्कार लागतात, हे वाचून आईंना हसू येणे स्वाभाविक आहे, कारण आपल्या लातुरात या कामास उघडे दार पुरते.

प्रशिक्षणातील सर्वांत अवघड भाग सल्ला न देण्याचा होय. औषध सुचवू नये, दुसरा डॉक्टर सांगू नये आणि आपल्या नात्यातील तशाच रुग्णाचे पुढे काय झाले हे तर मुळीच सांगू नये, असा दंडक असून, मराठवाड्यात वाढलेल्या माणसास तो पाळणे निर्जळी एकादशीहून कठीण जाते. ओव्याचा काढा सूनबाईंच्या अगदी ओठांवर येऊन माघारी गेल्याचे घरात सर्वश्रुत आहे. ज्या बाईंकडे त्या जातात त्यांच्या यजमानांना स्मृतिभ्रंश असून, बोलताना त्या बाईंचा एक कान सतत जिन्याकडे लागलेला असतो, वाक्य अर्धे सोडून त्या वर जाऊन येतात आणि कपातील चहा निवून त्यावर साय धरते. त्या घराचे याहून अधिक वर्णन गोपनीयतेच्या नियमात बसत नसल्याने अण्णांनी फोनवर खोदून विचारू नये.

केअररांच्या चळवळीचा उगमही पत्रलेखनातच आहे. आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी धर्मोपदेशकाचे काम सोडलेल्या मेरी वेबस्टर यांनी 1963 मध्ये वर्तमानपत्रांना पत्रे लिहून आपल्यासारख्या अविवाहित मुलींची कोंडी चव्हाट्यावर आणली आणि 1965 मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. पुढे 1976 मध्ये शुश्रूषेसाठी सरकारी भत्ता सुरू झाला खरा, परंतु विवाहित स्त्रियांना तो 1986 पर्यंत मिळत नसे. त्या तशाही घरीच असतात, असे त्यामागील सरकारी तर्कशास्त्र होते, जे लातुरात सरकारच्या मदतीवाचून सर्वांना तोंडपाठ आहे. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये विनावेतन शुश्रूषा करणारे सुमारे 50 लाख लोक आढळले. त्यांपैकी आठवड्याला किमान 35 तास शुश्रूषा करून इतर अटी पुरवणाऱ्यास 2025-26 साली आठवड्याला 83.30 पौंड मिळत. अण्णांनी त्याचे रुपये करण्याआधी त्यास 35 ने भागावे, म्हणजे तासाला अडीच पौंडही पडत नाहीत, हे ध्यानी येईल.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या करताना बिनपगारी शुश्रूषा करणारे कुटुंबीयही धरले आहेत, तर लातूर जिल्हा परिषदेने 2020 च्या अखेरीस आई-वडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के रक्कम कापून ती पालकांच्या खात्यात जमा करण्याचा ठराव करून राज्यभर नाव मिळवले. मात्र या ठरावाने जो सांभाळत नाही त्याची दखल घेतली. जी सांभाळते तिचा पगारच नसल्याने कापण्यास किंवा वाढविण्यास काही उरत नाही. कुटुंबीयांना एकमेकांचा आधार मिळावा या दिशेने मराठी माणसाने केलेला ठळक प्रयत्न पुण्यातला आहे: कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकविणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी 1997 मध्ये पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ स्थापन केली व तिच्या स्वमदत गटांत, म्हणजे समदुःखी लोकांच्या नियमित बैठकांत, रुग्णांचे नातेवाईकही बोलते झाले.

आता मूळ मुद्दा. इंग्लंडातील केअरर एकटा पडतो तो कोणी येत नाही म्हणून, आणि आपल्या घरातील थोरल्या सूनबाई एकट्या पडल्या आहेत त्या सगळे येतात म्हणून. आजी अंथरुणाला खिळल्यापासून त्यांना बघायला येणाऱ्यांची रीघ लागलेली असून, प्रत्येक जण डझनभर केळी व एक अनुभव घेऊन येतो, पलंगाजवळ बसून हळहळतो, शय्याव्रण होऊ नये म्हणून दर दोन तासांनी आजींची कूस कशी बदलावी हे ती बदलणाऱ्या बाईलाच समजावतो आणि तिनेच केलेला चहा पिऊन, ‘पोहे नकोत, पण करणारच असाल तर थोडेच’ असे म्हणतो. या सर्व अभ्यागतांपैकी थोरल्या सूनबाईंची चौकशी करणारा अद्याप कोणाच्या पाहण्यात नाही.

सबब विनंती अशी की, दर गुरुवारी दुपारी आजींजवळ आईंनी बसावे, समोरच्या काकूंना सल्ल्याविना थोरल्या सूनबाईंशी बोलत बसण्यास सांगावे आणि काकूंना ते न जमल्यास त्या दोघींना गंजगोलाईच्या बाजारात बांगड्या भरायला पाठवावे. त्या वेळेत पाहुणे आल्यास चहा अण्णांनी करावा. साखर दुसऱ्या फडताळात, डाव्या हाताच्या डब्यात असते.

कळावे, लोभ असावा.

आपले आज्ञाधारक,
लेस्टरचे बिऱ्हाड