मूळ फाइलला हात लावायचा नाही

हा माणूस तुमच्याही ओळखीचा आहे. उगाच नाही म्हणू नका. बारसं, मुंज, साखरपुडा, सोसायटीचा गणपती, कुठेही पंगत बसायच्या आधी हा हजर. गळ्यात एक कॅमेरा, खांद्याला दुसरा, कमरेला लेन्सची पिशवी. "जरा इकडे बघा" म्हणत तो सहाशे फोटो काढतो आणि पुढे जन्मात त्यातला एक फोटो तुमच्या नजरेस पडत नाही. आमच्या मुलीच्या बारशाचे फोटो 'एडिट करून पाठवतो' असं सांगून काका मसालेदूध पिऊन गेले. मुलगी आता चौथीत आहे. परवा जिन्यात तिनेच त्यांना अडवलं, "आजोबा, माझे पाळण्यातले फोटो?" काका गंभीरपणे म्हणाले, "रेटिंग झालंय बाळा. कीवर्ड बाकी आहेत."

सोसायटीत त्यांना साइडकारकाका म्हणतात. ते बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यातून निवृत्त झालेत. ज्या नोंदीला व्हाउचर जोडलेलं नाही ती नोंद त्यांनी नोकरीत कधी मान्य केली नाही, आणि ज्या फोटोला साइडकार नाही तो फोटो ते आता मान्य करत नाहीत.

साइडकार म्हणजे काय, हे विचारायची चूक सहसा नवीन भाडेकरू करतात. मग काका त्यांना घरी नेतात, काकू पोहे टाकतात आणि काका कॉम्प्युटर सुरू करतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरने जसं टिपलं तसं कच्चं ठेवलेलं रूप म्हणजे रॉ. कॅननची सीआर२, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, आणि आत काय कुठे लिहिलंय ते कंपनी धड सांगत नाही. म्हणून शहाणं सॉफ्टवेअर रॉच्या वाटेला जात नाही. उजेड वाढवला, कड कापली, पाच तारे दिले, 'वारी' असा कीवर्ड टाकला, तर हे सगळं शेजारी ठेवलेल्या एका छोट्या फाइलमध्ये लिहायचं. तीच साइडकार. आडनाव एक्सएमपी. अडोबीने २००१ मध्ये ही पद्धत आणली, २०१२ मध्ये ती आयएसओचं मानक झाली. रॉ पंचवीस एमबीची, तर साइडकार आठ-दहा केबीची. साइडकार उडवली की फोटो पुन्हा जसाच्या तसा कच्चा. एवढं सांगून झालं की काका चमचा खाली ठेवतात, तर्जनी वर करतात आणि म्हणतात, "मूळ फाइलला हात लावायचा नाही!"

हे वाक्य फोटोपुरतं राहिलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती.

काकूंनी सांगितलेली गोष्ट. काकांनी नवी पँट घेतली, ती दोन इंच लांब होती. शिंप्याने कात्री उचलली तसे काका ओरडले, "कापायचं नाही! आत दुमडून शिवा. उद्या मागे जाता आलं पाहिजे." काकांचं वय सहासष्ट आहे. उद्या त्यांची उंची वाढणार आहे का, असं शिंप्याने विचारलं. तो मुद्दा नव्हता, तत्त्व होतं. साबुदाण्याच्या खिचडीत मीठ घालायचं नाही, ज्याने त्याने आपल्या बशीत घ्यायचं. कढईतली खिचडी ही मूळ फाइल. दाताच्या डॉक्टरांनी रूट कॅनाल सांगितलं तर खुर्चीत आडवं पडून, तोंडात आरसा असताना, यांनी जे काही उच्चारलं ते डॉक्टरांना कळलं नाही. आम्हाला बाहेर बसून कळलं.

सोसायटीच्या वार्षिक सभेत पुनर्विकासाचा ठराव आला. बिल्डरच्या माणसाने छान रंगीत चित्रं लावली होती, पार्किंगही दुप्पट मिळणार होतं. सगळे होकाराच्या बेतात असताना मागच्या रांगेतून आवाज आला, "मूळ इमारतीला हात..." पुढचं वाक्य सभेने एका सुरात पूर्ण केलं. बिल्डरचा माणूस बावरला. त्याला वाटलं ही आमची घोषणा आहे.

आता काकांचं कपाट. पुण्यातल्या कुठल्याही हौशी फोटोग्राफरचं असतं तेच त्यांच्या डिस्कवर आहे: भिगवणचे फ्लेमिंगो, कासची फुलं, कोकणकडा, सिंहगडावरचं धुकं आणि दिवे घाटातली पालखी, तीही दरवर्षी त्याच वळणावरून. पण या लाखभर फोटोंच्या मागे जो संसार उभा आहे तो बघण्यासारखा आहे. काकांचा एका सॉफ्टवेअरवर विश्वास नाही. लाइटरूम साइडकारला फोटोचंच नाव देतं, म्हणजे आयएमजी ४०२१ ची साइडकारही आयएमजी ४०२१, फक्त आडनाव एक्सएमपी. डार्कटेबल त्यात सीआर२ हे शेपूटही ठेवून पुढे एक्सएमपी जोडतं. दोघांची पद्धत वेगळी, त्यामुळे एकाने लिहिलेली दुसऱ्याच्या कामाला येईलच असं नाही. त्यात काकांनी रॉथेरपी वापरून पाहिलं, त्याची पीपी३ झाली. डीएक्सओ पाहिलं, त्याची डॉप झाली. काकांच्या मॅकवाल्या मुलीने तीच डिस्क एकदा लावली, तर प्रत्येक फाइलमागे टिंब आणि अधोरेषा लावलेली आणखी एक फाइल उगवली. फोल्डर उघडलं की नवरदेव एक आणि करवल्या नऊ.

एका दिवाळीत भाचा आला. इंजिनिअरिंगला आहे, हाताला चैन नाही. "मामा, तुमच्याकडे केवढा कचरा साठलाय," म्हणत त्याने फाइली आकाराप्रमाणे लावल्या आणि दहा केबीच्या आतल्या सगळ्या एका दमात उडवल्या. खरं म्हणजे नुकसान फारसं झालं नव्हतं. लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये त्याच नोंदींची दुसरी प्रत असते. सगळं निवडून कंट्रोल-एस दाबलं की साइडकारी पुन्हा लिहून मिळतात. मिळाल्याही. पण काका भाऊबीजेपर्यंत भाच्याशी बोलले नाहीत, आणि ओवाळून झाल्यावर बहिणीला म्हणाले, "तुझा मुलगा हुशार आहे. पण त्याला लहान फाइलची किंमत नाही."

दुसरा प्रसंग काकूंचा. त्यांनी एका फोल्डरमधल्या फोटोंची नावं सरळ बदलून 'काशीयात्रा १', 'काशीयात्रा २' अशी केली. फोटो नव्या नावाने निघाले, साइडकारी जुन्या नावाने मागेच राहिल्या. जिचा फोटो हरवलाय अशा साइडकारीला या धंद्यात अनाथ म्हणतात. काका गॅलरीत येऊन फोनवर मित्राला सांगत होते, "अरे, चौतीस अनाथ सापडल्या आमच्या घरात! रात्रभर जागा आहे. एकेकीचं मूळ शोधतोय." खालच्या गॅलरीत महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाई तुळशीला पाणी घालत होत्या. दुपारपर्यंत अकरा ब्लँकेटं आणि एक डबा लाडू जमला होता. लाडू काकांनी ठेवून घेतले.

कीवर्ड हा तर वेगळाच अध्याय. काकांचे कीवर्ड एकाखाली एक असे पायऱ्यांनी उतरतात: महाराष्ट्र, त्याखाली पुणे जिल्हा, त्याखाली दिवे घाट, त्याखाली वळण. सगळे मराठीत, हा त्यांचा हट्ट. एक्सएमपी युनिकोडमध्ये असल्याने तिथे देवनागरी नीट बसते. पण जुन्या पद्धतीच्या, आयपीटीसी नावाच्या रकान्यातून एका मासिकाला फोटो गेला, तिथे 'ज्ञानेश्वर महाराज पालखी' या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली. काका त्या संपादकांना अजून क्षमा करायला तयार नाहीत. रंगांच्या लेबलांचंही तेच. लेबल म्हणजे रंग नव्हे, रंगाचा शब्द लिहिलेला असतो. काकांनी तिथे 'लाल', 'पिवळा' असं लिहिलं. ते भाच्याच्या लॅपटॉपवर उघडलं, तिथल्या यादीत हे शब्द नाहीत, म्हणून सगळी लेबलं पांढरी. "बघ," काका म्हणाले, "मराठी दिसली की यांचा चेहरा पडतो."

एका वर्षी दुसऱ्या कॅमेऱ्याचं घड्याळ बारा तास चुकलेलं निघालं. घाटात ऐन दुपारी चढणारी दिंडी नोंदीत मध्यरात्री चढत होती. कोणीही वेळ दुरुस्त करून मोकळा झाला असता. लाइटरूममध्ये तशी सोय आहे, फुकटच्या एक्झिफटूलमध्येही आहे. पण वेळ रॉमध्ये लिहायची की साइडकारीत? काकांनी साइडकारीत लिहिली, का ते तुम्हाला आता पाठ झालं असेल. कोणीतरी सुचवलं, सगळ्या रॉ फाइली डीएनजी करून टाका, २००४ पासूनची चांगली पद्धत आहे, नोंदी फाइलच्या पोटातच राहतात, साइडकारीची भानगडच मिटते. काकांनी त्या गृहस्थाकडे अशा नजरेने पाहिलं की तो मॉर्निंग वॉकची वेळ बदलून बसला.

इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे मिक्सरचं भांडं परत करायला गेलो. काका कॉम्प्युटरपुढे होते, पण पडद्यावर फोटो नव्हता. नोटपॅड उघडलेलं होतं आणि त्यात बारीक अक्षरांच्या ओळी होत्या. मला वाटलं पुन्हा कोणी अनाथ सापडली. ते म्हणाले, "बस. आई आहे."

काकांची आई मी पाहिली होती. २०१२ मध्ये गेल्या. त्या काळी काकांकडे फोटोंची एकच बाहेरची डिस्क होती. हजारो रॉ फाइली, त्या पाठवणार कुठे? साइडकारी मात्र लहान, म्हणून दर रविवारी त्यांची झिप करून ते स्वतःलाच ईमेल करत. २०१३ मध्ये डिस्क टकटक आवाज करायला लागली आणि बंद पडली. डेटा काढून देणाऱ्यांनीही हात टेकले. मूळ फाइलला कोणी हात लावला नव्हता. ती आपणच गेली. ईमेलमध्ये साइडकारी तेवढ्या उरल्या.

काका एकेक ओळ वाचून दाखवत होते. "२०११ ची दिवाळी. पहाटे पाच बेचाळीस. पन्नास एमएमची लेन्स. अ‍ॅपर्चर अठरा भागिले दहा, म्हणजे एक पूर्णांक आठ. शटर साठावा भाग, आयएसओ सोळाशे. ओट्यापाशी ट्यूब एकच होती ना. कीवर्ड: आई, ओटा, सोऱ्या, हसताना. रेटिंग पाच." मग एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे क्रॉप. उजवीकडून तेरा टक्के कापलं होतं. तिथे गॅसचा सिलिंडर येत होता." थोडं थांबून म्हणाले, "सिलिंडर गेला नव्हता तसा. मूळ फाइलमध्ये होताच."

मला काय बोलावं सुचेना. लाखभर फोटोंच्या या मालकाकडे आपल्या आईचा सर्वांत चांगला फोटो म्हणून नऊ केबीचा मजकूर होता, आणि तो त्यांना समोर दिसत होता. आज काकांच्या फोटोंच्या तीन प्रती असतात, दोन वेगळ्या प्रकारच्या डिस्कवर, आणि एक बहिणीच्या घरी कोथरूडला. रॉ आणि साइडकार कधी एकमेकींना सोडून हलत नाहीत. हे वेड त्यांना कुठून लागलं ते मला त्या दिवशी कळलं, आणि मनातल्या मनात मी बारशाच्या फोटोंचं व्याज माफ केलं.

मुद्दल माफ केलं नाही, कारण तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू आल्या. भांडं माझ्या हातातून घेत म्हणाल्या, "त्या विचारायच्या हो मला. अगं, त्याने दिवाळीत माझा फोटो काढला होता, कसा आलाय? मी म्हणायची, एडिट चाललंय. सात महिने विचारत होत्या." काका काही बोलले नाहीत. काकूंनी आवाज चढवला नव्हता, त्यामुळे बोलायला जागाही नव्हती.

तेव्हा माझं मत सांगतो. काकांचं नव्वद टक्के बरोबर आहे. घराघरात जुन्या फोटोंचे डबे आहेत आणि दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा कोण हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. नाव, गाव, तारीख फोटोशेजारी लिहून ठेवणारा माणूस कुटुंबात एक तरी हवा, मग तो कितीही छळो. नोंद आणि फोटो एकत्र हलवा, एकत्र जपा, आणि दोन्हींची प्रत दुसऱ्या घरी ठेवा. उरलेले दहा टक्के काकूंचे आहेत. कड कापायची राहू दे, सिलिंडर दिसू दे, कीवर्ड राहू देत. तुमच्या डिस्कवर आज ज्या कोणाचा फोटो पडून आहे, त्याला तो आज रात्री पाठवून द्या. एडिट नंतर करा. मूळ फाइल कुठे जात नाही, असं समजू नका.